धाक आणि अभय : झाडीच्या वाटेवरचे एक जुने कोडे



वसंतात आपल्या झाडीपट्टीत बोलायला उभे राहणाऱ्याला विषय शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. फाल्गुन-चैत्राच्या पहाटे मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि बायामुले टोपल्या घेऊन वेचायला निघतात. तेच फूल वाळवून ठेवले तर टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देते. तेच आंबवून गाळले तर कित्येकांच्या संसाराची राखरांगोळी करते. भाषाशास्त्री सांगतील की झाडाचा ‘मोह’ हा संस्कृतातल्या ‘मधूक’ शब्दापासून आला आणि मनाचा ‘मोह’ निराळ्या कुळातला आहे. ते खरेच आहे. पण आपल्या भागातल्या माणसाने दोन्ही मोह एकाच अंगणात पाहिले आहेत, आणि म्हणून आजचा प्रश्न त्याला पुस्तकी वाटणार नाही.

प्रश्न असा. जगातल्या बहुतेक धर्मग्रंथांत दोन जातींची वाक्ये शेजारी शेजारी नांदतात. एक जात धाकाची : जपा, सावध राहा, इंद्रिये बलवान आहेत, शहाण्यालाही ती ओढून नेतात. दुसरी जात अभयाची : भिऊ नका, तुमचा भार मी वाहीन, माझा म्हणवणाऱ्याचा नाश होत नाही. साध्या माणसाने यातले कोणते खरे मानावे? रक्षण होणारच असेल तर धाक कशाला? आणि पावलोपावली घसरण्याची भीती असेल तर त्या अभयाला अर्थ काय उरला?

मी कोणत्याही पंथाचा अधिकारी पुरुष नव्हे. इतिहासाचा एक साधा शिक्षक आहे. तेव्हा या कोड्याचे तत्त्वज्ञान सांगण्याऐवजी, आपल्या भागाशी जवळीक असलेल्या एका पंथाने ते प्रत्यक्षात कसे सोडवले, आणि कोठे त्याला ते जड गेले, एवढेच आपल्यापुढे मांडतो. तो पंथ म्हणजे श्रीचक्रधरांचा महानुभाव पंथ.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि त्याही आधीपासून हा अवघा प्रदेश ‘झाडी’ म्हणून ओळखला जाई. चक्रधरांच्या पहिल्या अनुयायांत नीळभट्ट भांडारेकार हे नाव येते. ते भंडाऱ्याचे. पैठणच्या आणि गोदातीराच्या शिष्यमंडळींचा मेळा जमण्यापूर्वीच, स्वामींच्या एकट्याने हिंडण्याच्या काळात, झाडीतला हा माणूस त्यांच्या मागे निघाला. महाराष्ट्राच्या धर्मेतिहासात आपल्या भागाचा हा मान आहे, आणि तो आपण फारसा सांगत नाही.

चक्रधरांची जी पूर्वकथा पंथ सांगतो तिचा आरंभच मोहाच्या प्रसंगाने होतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. परंपरेनुसार द्वारावतीच्या चांगदेव राऊळांपुढे कामाख्या नावाची योगिनी हट्ट धरून बसली, तेव्हा तिच्या मागणीला वश होण्यापेक्षा त्यांनी देहच सोडला. आणि भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव याच्या मृत देहात प्रवेश केला. हा हरिपाळदेव पुढे द्यूतात हरला. देणे फेडण्यासाठी त्याने पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागितले. तिने नकार दिला. त्याला संसाराचा वीट आला. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घराबाहेर पडला आणि वाटेत रिद्धपुरास गोविंदप्रभूंची भेट होऊन ‘चक्रधर’ झाला. या कथेकडे श्रद्धेने पाहावे की इतिहासाच्या चष्म्यातून, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला एवढेच दिसते की, आपल्या संस्थापकाची कथा सांगताना या पंथाने जुगाराची हार झाकून ठेवली नाही. ज्याच्या चरित्रात मोहाचे दोन प्रसंग उंबरठ्यावरच उभे आहेत, त्याच्या उपदेशात मोहाविषयीचा धाक असणारच.

आणि तो धाक कडक आहे. चक्रधरांच्या वचनांचा संग्रह ‘सूत्रपाठ’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या ‘आचार’ प्रकरणात भिक्षूला बजावले आहे की, मद्य प्यायल्यावर माणसाला माज चढतो, पण स्त्री नुसत्या दर्शनानेच चढवते. तेव्हा चित्रातली स्त्रीसुद्धा पाहू नये. कानडी आणि तेलंगी मुलुखात जाऊ नये, कारण तेथे विषयांची रेलचेल आहे, महाराष्ट्रात असावे. आणि महाराष्ट्रातही नगरात नव्हे, तर मुलुखाच्या कडेला, झाडाच्या आश्रयाने आयुष्य काढावे. आपल्या सालेकसा-देवरीकडचा माणूस हा शेवटचा उपदेश ऐकून हसेल. मुलुखाची कड आणि झाड या दोन्ही गोष्टी त्याला जन्मजात लाभल्या आहेत. पण विषय त्याला सोडून गेले आहेत असे काही दिसत नाही!

आता याच संग्रहात ‘उद्धरण’ नावाचे दुसरे प्रकरण आहे. तेथला सूर अगदी निराळा. परमेश्वराला जीवांचा उद्धार करण्याचे जणू व्यसनच जडले आहे, असा त्या विचाराचा गाभा आहे. शब्द पाहा : व्यसन! द्यूताचे, मद्याचे व्यसन माणसाला जसे सुटत नाही, तसे तारण्याचे व्यसन परमेश्वराला सुटत नाही. लीळाचरित्रात सशाची एक प्रसिद्ध लीळा आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून जीव घेऊन पळणारा ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला. पारधी आपली शिकार मागू लागले. शरण आलेला जीव परत द्यायला स्वामींनी नकार दिला, आणि पारध्यांनाच अहिंसेची गोष्ट सांगितली. सशाने आधी कोणते व्रत पाळले होते? कोणते चित्र न पाहता तो राहिला होता? काही नाही. तो धावत आला, एवढेच त्याचे पुण्य.

असे हे दोन सूर. एका प्रकरणात भिक्षूला चित्राचीही भीती, दुसऱ्यात सशालाही अभय. यांचा मेळ कसा बसतो?

पहिले उत्तर इतिहासाने दिले आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘सूत्रपाठ’ हा चक्रधरांनी स्वतः बसून लिहिलेला ग्रंथ नव्हे. ते बोलत गेले, हिंडत गेले. १२७४ च्या सुमारास, सनाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, ते शिष्यांना सोडून उत्तरेच्या वाटेने निघून गेले. मागे राहिलेली मंडळी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या आश्रयाला जमली, आणि त्यांच्यानंतर नागदेवाचार्यांनी पंथ सांभाळला. म्हाइंभटांनी ज्याने त्याने जे पाहिले-ऐकले ते विचारून विचारून लीळाचरित्र सिद्ध केले. मग केसोबासांनी त्या लीळांतून स्वामींच्या तोंडची वाक्ये वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ रचला. म्हणजे जे वाक्य एका माणसाला, एका दिवशी, एका कारणाने सांगितले होते, ते प्रसंगातून सुटले आणि सर्वांसाठी, सर्वकाळासाठी नियम होऊन बसले. धाक एका कप्प्यात गेला, अभय दुसऱ्या कप्प्यात. पंथाच्या पंडितांनाही याची जाणीव होती. म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारी ‘प्रकरणवश’ नावाची रचना पुढे तयार झाली. वैद्याने दिलेली पुडी आणि रोग्याचे नाव यांची ताटातूट झाली, तर औषधाचे विष होते. आपल्याला जो विरोध दिसतो त्यातला मोठा हिस्सा या ताटातुटीचा आहे.

पण सगळा नव्हे. दुसरे उत्तर पंथाच्या स्वतःच्या परिभाषेत आहे : सन्निधान आणि असन्निधान. परमेश्वर अवतार घेऊन जवळ वावरत असतो तो काळ सन्निधानाचा. तेव्हा रक्षण प्रत्यक्ष असते. चूक झाली तर तेथल्या तेथे टोकणारा, पाठीवर हात ठेवणारा समोर बसलेला असतो. तो निघून गेला की असन्निधानाचा काळ सुरू होतो, आणि आचाराचे कडक नियम मुख्यतः त्या काळासाठी आहेत. आई घरात असते तोवर पोर चुलीजवळ खेळले तरी चालते. आई धानाच्या रोवणीला निघाली की जाताना चुलीविषयी दहा वेळा बजावते. ते बजावणे म्हणजे मायेचा अभाव नव्हे. ती माया आता हाताने राखू शकत नाही, म्हणून शब्दांनी राखते आहे. असन्निधानात अनुयायांना काय उरते, याची यादीही पंथाने केली आहे : स्वामींचे नाम, रूप, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण, आणि पूज्य म्हणून स्थान, प्रसाद, भिक्षू व वासनिक. पायाखालची जमीन गेलेल्या माणसांनी धरलेले हे आधार आहेत. त्यांच्याच शेजारी आचाराचे नियम ठेवून पाहिले की ते कोरडे वाटत नाहीत. जो रक्षण करीत होता त्याने जाताना ठेवलेले हे त्याचे उरलेले रक्षण आहे.

तिसरे उत्तर जरा सूक्ष्म आहे, आणि त्यासाठी गीतेकडे वळावे लागते. दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून सर्वनाशापर्यंतची साखळी कडी-कडीने सांगितली आहे. नवव्या अध्यायात अनन्यभक्ताचा योगक्षेम वाहण्याचे आश्वासन आहे, आणि तेथेच, दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच समजावे असे सांगितले आहे. या दोहोंच्या मध्ये, सहाव्या अध्यायात, अर्जुन नेमका आपलाच प्रश्न विचारतो. श्रद्धा आहे, पण मन वाटेत ढळले. असा माणूस फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाहीसा होतो काय? उत्तर मिळते की, कल्याणाच्या वाटेवर पाऊल टाकणारा दुर्गतीला जात नाही. तो पुन्हा चांगल्या घरी जन्मतो आणि सोडलेले काम तेथूनच उचलतो. म्हणजे धाक पडण्याविषयी आहे, आणि अभय नाहीसे होण्याविषयी. दोन्ही वाक्यांचा विषय एक नव्हे. घसरशील, असे पहिले सांगते. घसरलास तरी संपणार नाहीस, असे दुसरे सांगते. आश्वासनाने घसरण्याचे दुःख टळत नाही, हे नीट ओळखले पाहिजे. हात मोडला तर तो मोडलाच. फक्त त्यापायी जन्म वाया जात नाही.

येथे एका रेल्वेप्रवासाची आठवण देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जात असता गाडीत त्यांना एका युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. हा प्रसंग मराठी वाचकाला माहीत आहे. पुढे १८९५ साली मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग आपल्या गोंदियावरूनच जातो; तेव्हा तो ग्रंथ हाती घेऊन टिळक आपल्याच स्टेशनावरून पुढे गेले असले पाहिजेत. त्या ग्रंथातील ज्या गिरिप्रवचनाने त्यांना खिळवून ठेवले, त्यात येशूने शिकवलेली प्रार्थना आहे, आणि त्या प्रार्थनेत आम्हांला परीक्षेत घालू नकोस अशी विनवणी आहे. पण मला मौज वाटते ती त्याच्या किंचित आधीच्या अध्यायाची. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, खाली उडी टाक. देवदूत तुला वरच्यावर झेलतील असे शास्त्रातच लिहिले आहे. ते वचन खोटे नव्हते. ते जुन्या स्तोत्रसंहितेतले अभयाचेच वचन होते. येशूचे उत्तर असे की, देवाची परीक्षा पाहू नये असेही त्याच शास्त्रात लिहिले आहे.

श्रोतेहो, अभयाचे वचनच मोह होऊ शकते, ही गोष्ट यापेक्षा स्पष्टपणे मी कोठे वाचलेली नाही. ‘देव राखील’ हे वाक्य पाय घसरून पडणाऱ्याच्या तोंडी शोभते. मुद्दाम उडी घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. महानुभावांचा ससा जीव वाचवायला धावत आला होता; कुत्र्यांची गंमत पाहायला थांबला नव्हता.

आता नाण्याची दुसरी बाजू. धाक हाच धर्म झाला म्हणजे काय होते, याचेही दाखले याच इतिहासात आहेत, आणि ते झाकण्यात काही अर्थ नाही.

भिक्षूंसाठी सांगितलेला स्त्रीविषयीचा इशारा पुढे कित्येकांनी स्त्रीवरचाच ठपका म्हणून वाचला. पण लीळाचरित्र उघडा : बाइसा, आउसा, महदाइसा या स्त्रिया स्वामींच्या परिवारात पानोपानी दिसतात. महदाइसा तर सारखी प्रश्न विचारते, आणि स्वामी तिला कंटाळत नाहीत. पुढे तिचेच धवळे मराठीतल्या आद्य कवयित्रीची रचना ठरले. स्त्रियांच्या अधिकाराविषयी शंका काढली गेली तेव्हा स्वामींनी विचारले की, पुरुष तेवढे जीव आणि स्त्रिया काय कोणी कमी प्रतीचे जीव आहेत? केसोबासांना संस्कृतात लिहिण्याची हौस होती. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण तसे केल्याने पंथातल्या म्हाताऱ्या वंचित झाल्या असत्या. सूत्रातला धाक एकटा उचलला तर स्त्री हा धोका ठरतो. लीळांसह वाचला तर तो भिक्षूला स्वतःच्या नजरेविषयी दिलेला इशारा ठरतो. कुंपण आपल्या मनाभोवती घालायचे असते, दुसऱ्याच्या दाराभोवती नव्हे.

भास्करभट्ट बोरीकरांची गोष्टही अशीच विचार करायला लावते. त्यांनी ‘शिशुपाळवध’ हे सुंदर काव्य रचले. ज्येष्ठ गुरुबंधूंनी ते वाचून अभिप्राय दिला की ग्रंथ चांगला उतरला आहे, पण शृंगाराच्या भरामुळे निवृत्तीच्या वाटेवरच्यांना तो योग्य नाही. मग कवीने वैराग्यपर ‘उद्धवगीता’ लिहिली. हा धाकाचा अंमल खराच. पण पंथाने ‘शिशुपाळवध’ जाळले नाही; जपून ठेवले, म्हणूनच ते आज आपल्या हाती आहे. इशारा देणे आणि नष्ट करणे यांतला फरक त्या मंडळींना कळत होता.

मात्र एक गोष्ट पंथाला महाग पडली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि पुढच्या दोन दशकांत यादवांचे राज्य बुडाले. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि आठवणींवरून ते पुन्हा उभे करावे लागले, असे परंपरा सांगते. ग्रंथांचे रक्षण व्हावे म्हणून चौदाव्या शतकात सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या आल्या. ग्रंथ खरोखरच राखले गेले. परंतु कुलूप इतके पक्के बसले की बाहेरच्या समाजाला आत काय आहे हेच कळेना. आणि जेथे ज्ञान पोचत नाही तेथे कंड्या पोचतात. शतकानुशतके या शुद्ध आचाराच्या पंथाविषयी नाही नाही ते बोलले गेले. लिप्यांचा उलगडा विसाव्या शतकात झाला. ह. ना. नेने यांनी १९३६-३७ च्या सुमारास नागपुरात लीळाचरित्र छापले, डॉ. वि. भि. कोलते यांनी पंथाचे तत्त्वज्ञान आणि आचारधर्म यांवर आयुष्य वेचले. तेव्हा कोठे मराठी माणसाला आपल्या घरातला हा ठेवा दिसला. रक्षणासाठी उभारलेली भिंतसुद्धा गैरसमजाला जन्म देऊ शकते, हा यातला धडा आहे.

मग शेवटी आपण काय समजायचे? मला स्वतःला याचे उत्तर ग्रंथात मिळण्यापूर्वी एका म्हाताऱ्याकडून मिळाले. अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यात मी काही दिवस राहत होतो. तेथला एक वृद्ध शेतकरी तरुणपणी दारूपायी शेताचा तुकडा गमावून बसला होता. पुढे उपदेश घेतला, माळ घातली, आणि पंचवीस वर्षांत थेंबाला शिवला नाही. आठवडी बाजाराला जाताना तो सरळ रस्ता सोडून बांधाबांधाने लांबचा वळसा घेई, कारण सरळ रस्त्यावर भट्टी होती. मी त्या वेळी तरुण होतो आणि थोडा शहाणाही होतो. त्याला म्हटले, “बाबा, एवढी वर्षे नाम घेता, अजून देवावर भरोसा नाही का?” तो रागावला नाही. म्हणाला, “भरोसा हाये मनूनच त रस्ता बदलवतो, गुरुजी.”

त्या वेळी मला वाटले की म्हातारा प्रश्न टाळतो आहे. आता वाटते की त्याने तो सोडवला होता. ज्याला अभयावर विश्वास नाही तो वळसा घेण्याचे कष्ट कशाला घेईल? तो म्हणेल, एकदा बुडालो तो बुडालो, आता काय राखायचे आहे? आपले जीवित राखण्याजोगे आहे, कोणीतरी ते राखू पाहतो आहे, असे ज्याला वाटते तोच पाऊल जपून टाकतो. आणि उलट, ज्याला आपल्या पावलाचा कच्चेपणा ठाऊक आहे तोच अभयाच्या वचनाची किंमत जाणतो. धाक नसेल तर अभयाची बेफिकिरी होते. अभय नसेल तर धाकाची निराशा होते.

आपल्या घरांतूनही हेच घडते. मुलगा शिकायला नागपूरला किंवा पुण्याला निघतो. स्टेशनावर बाप त्याला दहा सूचना देतो : संगत पाहून कर, पैसा जपून वापर, अमुक ठिकाणी जाऊ नको. आई एवढेच म्हणते, “काही झालं तरी घरी ये.” मुलाला वाटते, ही दोघे उलटसुलट बोलत आहेत. बापाच्या बोलण्यात संशय आहे आणि आईच्या बोलण्यात ढिलाई आहे, असेही त्याला वाटत असेल. पण गाडी सुटल्यावर ती दोघे एकाच वाटेने घरी परततात आणि एकाच काळजीने जागी राहतात. त्यातले एकच वाक्य सोबत नेणारा मुलगा एक तर भिऊन जगतो, नाही तर बेताल जगतो. दोन्ही नेणारा बहुधा तरतो. आणि एखादे वेळी नाहीच तरला, तर त्याला घरची वाट ठाऊक असते.

धर्मग्रंथांतल्या त्या दोन सुरांकडे आपण असे पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. ज्या भंडाऱ्याच्या नीळभट्टाने कोणत्याही सूत्रपाठाच्या आधी नुसत्या ओढीने घर सोडले, त्याला हे कोडे बहुधा पडलेच नसावे. ते आपल्याला पडते, कारण आपण असन्निधानातली माणसे आहोत.